वाढत्या अंगाचं मैदान

कापसाच्या गाड्या गावातून जायला लागल्या की मला फक्कीचा वास यायला लागतो. तसा या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. कापूस शेतातला आणि फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची चुन्याची भुकटी. पण टेम्पोतून उडालेले कापसाचे पुंजके टेंभुर्णीच्या रस्त्याकडेच्या बाभळींना लटकलेले दिसले की माझं नाक दुकानाच्या मागच्या खोलीकडं वळतं. तिथं एका कोपऱ्यात फक्कीची गोणी आणि फुटबॉलची जाळी असते. बायको म्हणते, कापडाच्या दुकानात चुना ठेवणारा तुमच्यासारखा दुसरा माणूस जिल्ह्यात सापडायचा नाही. तिचंही चूक नाही. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटपिसावर माझी पाच पांढरी बोटं उमटली होती.

यंदा गोणी आणून ठेवली, पण कालपर्यंत फोडलेली नव्हती. पावसाळ्याआधी बाजारतळाची जमीन सपाट केली, तेव्हा आमच्या गोलचे जुने खांब उपटून काढावे लागले. आता नवे लोखंडी खांब आलेत, त्यांना रंग देऊन झालाय, आणि खड्डे कुठं घ्यायचे ते मी सांगायचं होतं. पोरी रोज दुकानाच्या पायरीवर येऊन विचारायच्या, "सर, खड्डे कधी घ्यायचे?" मी म्हणायचो, उद्या. माझ्याकडं लांब टेप आहे, नियमातलं माप तोंडपाठ आहे, तरी माझा उद्या काही उजाडत नव्हता. ते माप घ्यायचं काम बाबूजींचं होतं. बाबूजी, म्हणजे माझे वडील, गेले त्याला अजून वर्षही व्हायचंय.

मी कापड दुकानदार. आमची माणसं राजस्थानातून इकडं आली त्याला इतक्या पिढ्या झाल्या की आता राजस्थान आमच्या घरात लग्नपत्रिकेपुरतं आणि लोणच्यापुरतं उरलंय. घरात मारवाडी, दुकानात मराठी, आणि राग आला की जी तोंडात येईल ती. शिकायला शहरात हॉस्टेलवर होतो तेव्हा फुटबॉलचं वेड लागलं. पुढं दुकानाच्या गादीवर बसलो. वेड काही उतरलं नाही, पोट तेवढं सुटलं. संध्याकाळी बाजारतळावर पोरांना खेळवायला लागलो. सामन्यांना रेफरी मिळायचा नाही, म्हणून रेफरीही मीच. गळ्यात कापडाची टेप आणि टेपखाली शिट्टी, असा माझा अवतार असे. ऑफसाइड बघायला मी धापा टाकत पोचेपर्यंत गोल होऊन पोरं पुन्हा मधोमध येऊन उभी असायची. पण माझ्या शिट्टीवर कुणी शंका घेतली नाही. शेठला कुठल्याच बाजूचं पडलेलं नाही, त्याला फक्त शिट्टी वाजवायला आवडते, असं गावाचं मत होतं.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात पहिल्यांदा मुलींचा संघ उभा राहिला. त्या सगळ्या खो-खो खेळून आलेल्या. खो-खोत एकदा धाव घेतली की मागं वळता येत नाही, बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की पहिल्याच दिवसांत शबाना नावाची आमची वाऱ्यासारखी पळणारी पोरगी चेंडू घेऊन निघाली, सगळ्यांना चुकवलं, समोर मोकळा गोल, आणि ही बया गोलच्या खांबाला वळसा घालून चेंडूसकट परत मैदानात आली! मी डोक्याला हात लावला.

"अगं, आत का नाही मारलास?"

"सर, मधी खांब आल्ता ना," शबाना म्हणाली. "खांब आला की वळावं लागतं."

त्यावर बाकीच्या पोरींनी गंभीरपणे माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीनं चूक माझीच होती.

गोलमध्ये गोदा उभी राहायची. गावाबाहेर मळ्यावर तिचं घर. वेचणीच्या दिवसांत ती सकाळी घरच्यांबरोबर दोन-चार ओळी कापूस वेचून मग शाळेला यायची. वाळल्या बोंडांच्या टोकांनी तिची बोटं सदा ओरखडलेली असत. पण त्या बोटांत चेंडू असा अलगद यायचा की बघत राहावं. बाकीच्या मुली चेंडूला थापड मारायच्या, ही वेचून घ्यायची. बोलायला मात्र अगदी कंजूस. दिवसभरात तिच्या तोंडून एखादं वाक्य निघालं तर निघालं, आणि निघालं की ते वाया जायचं नाही.

तो हिवाळा मला डोळ्यांआधी नाकानं आठवतो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर कांद्याची सालं आणि मेथीच्या काड्या पडलेल्या असत. पोरी आधी ते झाडून काढायच्या, तरी चेंडूला अर्धा तास कोथिंबिरीचा वास यायचा. वाऱ्यावर कुठून तरी हुरड्याचा खमंग धूर यायचा. कुणीतरी दप्तरातून हरभऱ्याचे डहाळे आणलेले असत आणि राखीव खेळाडू म्हणून बाहेर बसवलेल्या मुली सामना बघायच्या ऐवजी घाटे सोलत बसायच्या. मैदानात बदली म्हणून बोलावलं की तोंडात हिरवे दाणे आणि ओठांना हरभऱ्याची आंब. ऊन तिरपं व्हायचं, धूळ सोनेरी व्हायची आणि मळ्यांकडं परत जाणाऱ्या बैलगाड्या रस्त्यात थांबून आमचा खेळ बघायच्या. गाडीवानांना नियम ठाऊक नव्हते, पण ते प्रत्येक वेळी हरणाऱ्या बाजूनं ओरडायचे. मला ते फार आवडायचं.

आणि फक्की. तिचा वास म्हणजे बाबूजी.

बाबूजींचं सगळं आयुष्य मोजण्यात गेलं. त्यांच्या हातात एक लोखंडी पट्टी असायची. माप मीटरचं, पण ते तिला जुन्या सवयीनं गजच म्हणायचे. डाव्या हातानं कापड ताणायचं, उजव्या अंगठ्यानं गजाच्या टोकाशी दाबायचं, झाला एक मीटर. पुन्हा ताण, पुन्हा दाब. गिऱ्हाइकाशी त्याच्या लेकीच्या बाळंतपणाच्या गप्पा मारता मारता अख्खा तागा त्यांच्या बोटांतून जायचा. त्यांना कसला गर्व म्हणून नव्हता, एवढा एक सोडून. "माझ्या गजाखालून कमी कापड गेलं असं कुणी एक माणूस म्हणाला, तर त्या दिवशी शटर खाली," असं ते म्हणायचे. गमतीत नाही म्हणायचे.

पुढं लोक तयार कपडे घ्यायला लागले. गज खिळ्यावर लटकला. बाबूजी दुकानात येऊन बसायचे, पण हातांना काम नव्हतं. मग ते मांडीवरचं उपरणं अंगठ्यानं मोजत बसायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. आपण काय करतोय हे त्यांना कळतही नसावं. मला ते बघवायचं नाही. मी उगाच गल्ल्यातले कागद खालीवर करायचो.

एके दिवशी मी बाजारतळावर पावलं टाकत मैदान आखत होतो. बाबूजी काठी टेकत तिकडून चालले होते. थांबले.

"पावलानं मोजून राह्यलास? पाऊल सकाळी वेगळं आन् जेवल्यावर वेगळं. जा, गज आण."

आम्ही एकमेकांशी मारवाडीत बोलतो, पण आजूबाजूला चार माणसं असली की बाबूजी मला मराठीतच झापायचे, म्हणजे सगळ्यांना कळावं. मी गज आणला. त्या दिवसापासून मैदान त्यांचं झालं. मी आकडा सांगायचा आणि त्यांनी जमिनीवर गज ठेवून, अंगठ्यानं खूण करून, पुन्हा गज पुढं ठेवायचा. गोलच्या खांबांमधलं अंतर त्यांनी मोजलं, मग खड्डे घेतले. पेनल्टीचा ठिपका त्यांनी मोजला. म्हातारा माणूस गुडघ्यांवर, धोतराला पांढरी फक्की, आणि मागं रेघ ओढायला सुतळी धरून रांगेनं पोरी. रेघा पुसल्या जायच्या म्हणून बाजाराच्या दिवशी ते मुद्दाम चक्कर मारायचे आणि कांद्याची पाटी ठेवणाऱ्या बायांना विनवायचे, "बाई, माझ्या रेघेवर नको ना बसू, जरा सरक." उपरणं मोजणं थांबलं. रात्री जेवताना ते मला विचारायला लागले, उद्या कुठली रेघ पुसट झालीय. मला वाटायचं, हे असंच चालू राहू दे.

संघाला कपडे हवे होते. दुकानात पिवळ्या कापडाचा एक पडून राहिलेला तागा होता, बाबूजींनी तो काढला. शिंप्याला त्यांनी एकच सूचना केली, "वाढत्या अंगाचे शिव." पोरींचे कपडे शिवताना आयाबाया शिंप्याला हेच सांगतात, त्यात नवं काही नव्हतं. पण बाबूजींनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. गोदाचा शर्ट गुडघ्यांपर्यंत आला. बाह्यांतून हात शोधावे लागायचे. शबाना तिला म्हणायची, "तू आत हायस का गं?" गोदानं बाह्या दुमडल्या आणि ती गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

पौषात केदारखेड्याकडचा एक संघ खेळायला आला. त्यांच्याबरोबर एक तरुण मास्तर होते, शांत आणि नियमाला पक्के. रेफरी मीच, ते त्यांनाही चाललं. गाव लोटलं होतं. बाबूजींनी सकाळपासून राबून मैदान असं आखलं होतं की त्यावर पाय ठेवायला जिवावर यावं. ते गोलच्या बाजूला खुर्ची टाकून बसले, गज मांडीवर.

सामना बरोबरीत होता. ऊन उतरलं होतं. आमच्या गोलसमोर गर्दी झाली आणि चेंडू उडून शबानाच्या हाताला लागला. चांगला लागला, मी जवळ होतो. शिट्टी वाजवली आणि पेनल्टी दिली.

"सर, म्या हाय!" शबाना ओरडली. मी कुणाविरुद्ध शिट्टी वाजवतोय हे माझ्या लक्षात आलं नसावं असं तिला वाटलं.

"तूच आहेस, म्हणूनच दिली," मी म्हणालो.

पाहुण्यांची मुलगी चेंडू घेऊन ठिपक्यापाशी गेली. तिनं गोलकडं पाहिलं, पुन्हा ठिपक्याकडं पाहिलं, आणि मागं वळून मास्तरांकडं पाहिलं. मास्तर आत आले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "शेठ, राग मानू नका, ठिपका लांब वाटून राह्यला. माझ्याकडं टेप हाय. मोजायचं का?"

मी काही म्हणायच्या आत बाबूजी उठले. "मोजा. बिलकुल मोजा." त्यांचा आवाज सगळ्या मैदानावर ऐकू गेला. "आणा इकडं, हे टोक मी धरतो."

ते गोलरेषेवर वाकले. टेपचं टोक त्यांनी स्वतः दाबून धरलं, अंगठ्यानं, कापड दाबतात तसं. मास्तरांनी टेप ताणली. नियमातला आकडा आला आणि ठिपका अजून पुढंच होता. चांगला हातभर पुढं.

मास्तरांनी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. बाबूजी चष्मा सावरत तिथपर्यंत चालत गेले आणि आकडा बघितला. मग मागून कुणीतरी, दुष्टपणे नाही, नुसतं मजेत म्हणालं, "शेठचं माप हाय ते! तितकं तर व्हायचंच!"

लोक हसले. वाईट मनानं हसले नाहीत, मी त्या सगळ्यांना ओळखतो. पण आपल्या गोदाला सोपं जावं म्हणून शेठनं ठिपका मागं सरकवला असा त्याचा अर्थ होत होता, आणि तो अर्थ बाबूजींना कळला. सबंध जन्मात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी गज उचलला, काठी घेतली आणि ते घराकडं निघाले. मला त्यांच्यामागं जायचं होतं. पण तोंडात शिट्टी होती, बावीस पोरी माझ्याकडं बघत होत्या. मी बुटानं जुना ठिपका पुसला, टेपच्या आकड्यापाशी नवा केला आणि शिट्टी वाजवली. गोदा चेंडूकडं बघतच नव्हती. ती पाठमोऱ्या बाबूजींकडं बघत होती. गोल झाला. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवसापासून बाबूजी मैदानावर आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. गज कपाटामागं गेला. आणि संध्याकाळी दुकानात बघतो तर त्यांचा अंगठा पुन्हा उपरण्यावर.

हातभर फरक आला कुठून, हे मला नंतर कळलं. एक आजीबाई उशांच्या खोळीसाठी कापड घ्यायला आल्या. बाबूजींनीच मोजायला घेतलं. मी पहिल्यांदा त्यांच्या हातांकडं नीट पाहिलं. गजाच्या टोकाशी अंगठा थांबत नव्हता. तो दोन बोटं पुढं जाऊन दाबायचा. प्रत्येक मीटरला दोन बोटं. आजोबाही तसंच मोजायचे. कापड धुतल्यावर आटतं, गिऱ्हाइकाला कमी पडू नये, म्हणून आमच्या दुकानात ती दोन बोटं कायमची सुटलेली. बाबूजींनी बाजारतळाची जमीनही तशीच मोजली होती. प्रत्येक मीटरला दोन बोटं जमिनीलाही दिली होती.

मी आनंदानं त्यांना सांगितलं. म्हटलं, बाबूजी, तुमचं माप कमी नव्हतं, जास्त होतं! मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत.

"कापडात जास्ती दिलं तर कुणाचंच काही जात न्हाई," ते म्हणाले. "खेळात एकाला जास्ती दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. त्या पोरीचा ठिपका लांब गेल्ता. लोक बराबर बोलले."

रेफरी म्हणून माझंही मत तेच होतं. आजही तेच आहे. पण मुलगा म्हणून ते मत मला त्या दिवशी फार जड गेलं. माणसाचा चांगुलपणाच चुकीचा ठरावा, आणि चूक ठरवणारं माप आपल्याच तोंडपाठ असावं, हे काही बरं नव्हे. मी पेनल्टीचा ठिपका टेपनं मोजून दुरुस्त केला. रेघा मी ओढल्या, वाकड्यातिकड्या. पोरींनी एकदाही त्यांना नावं ठेवली नाहीत, यावरूनच त्यांना किती वाईट वाटत होतं ते कळत होतं.

संक्रांत झाली. तिळगूळ घेऊन पोरी घरी आल्या, बाबूजींच्या पाया पडल्या. गोदा मागं रेंगाळली. कपाटाकडं बघत म्हणाली, "बाबूजी, रेघ पुसट झाली." बाबूजींनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि दुसरीकडं बघितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही जालन्याला स्पर्धेला गेलो. जीपमध्ये कोंबून, मांडीवर मांडी, पहाटेच्या धुक्यातून. माझ्या पोरींनी तोवर दुसरं मैदान बघितलं नव्हतं. खरी जाळी, खरे पांढरे खांब. सगळ्या जणी जाळीला हात लावून बघत होत्या. गोदा मात्र दोन खांबांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि हात पसरले. मग एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत गेली. परत आली. पुन्हा मधोमध उभी राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली होती. मला वाटलं, घाबरली.

त्या दिवशी गोदा जे खेळली ते मी आयुष्यात विसरणार नाही. उजव्या कोपऱ्यातला चेंडू, डाव्या कोपऱ्यातला चेंडू, ती तिथं आधीच पोचलेली. पिवळा, गुडघ्यांपर्यंतचा शर्ट घालून नुसती उडत होती. एक सामना तिनं एकटीनं जिंकून दिला म्हटलं तरी चालेल. पुढचा आम्ही हरलो, पण कुणी रडलं नाही. शेजारच्या संघाचे गुरुजी मला विचारत होते, या पोरीला कुणी शिकवलं? मी फुगून सांगितलं, मी! तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

परतताना जीप गावात शिरली. गोदाचा मळा आधी लागतो, पण ती उतरली नाही. दुकानासमोर उतरली. मातीचे बूट घेऊन थेट गादीपाशी गेली. बाबूजी उपरणं मोजत बसले होते.

"बाबूजी," ती म्हणाली, "जालन्याचा गोल मापात कमी हाय."

बाबूजींचा अंगठा थांबला. "काय बोलून राह्यलीस?"

"खरं सांगती. म्या चालून पाह्यलं. आपल्याकडं उडी मारली की खांब जरासा ऱ्हाऊन जातो. तिथं पुरला. दोन्हीकडं पुरला. त्यान्ला सांगा, तुमचं माप कमी पडतं म्हनून."

एवढं लांबलचक बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी तिथंच पायरीवर बसलो, कारण माझ्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला होता. आम्ही पेनल्टीचा ठिपका मोजला, दुरुस्त केला, पण गोलचे खांब मोजायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तेही त्याच अंगठ्यानं मोजलेले. तिथंही मीटरमागं दोन बोटं. गोदा सगळा हिवाळा खऱ्यापेक्षा मोठा गोल राखत होती.

"किती कमी?" बाबूजींनी विचारलं. अगदी व्यापाऱ्याच्या आवाजात.

गोदानं अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली.

बाबूजी तिच्या वितीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. आणि ते हसायला लागले. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलतायत, मग खोकला, मग डोळ्यांतून पाणी. बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तिला वाटलं, काय झालं यांना. बाबूजी तिला म्हणत होते, "सगळ्यांला बराबर दिलं गं! इकडून बी आन् तिकडून बी! दोन्ही गोल सारखेच मोठे!" त्यांनी उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले आणि गोदाला म्हणाले, "मंग? शिंप्याला म्या काय सांगितल्तं? वाढत्या अंगाचं. मैदान बी तसंच घेतल्तं." ही सरळ सरळ थाप होती. पण मी शिट्टी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी गज कपाटामागून निघाला. बाबूजींनीच तोडगा काढला. पाहुणे खेळायला आले की दोन्ही गोलमध्ये आतून एकेक बांबू बांधायचा, टेपनं मोजून, सगळ्यांसमोर. खेळ नियमाचा. पण रोजच्या सरावाला बांबू सोडायचे. पोरी मोठ्या होतायत, त्यांना थोडं जास्तीचं राखायला द्यायचं. तेव्हापासून दर हिवाळ्यात आमच्या मैदानाची दोन मापं असायची, एक पाहुण्यांचं आणि एक घरचं. आणि घरच्या मापात किती पोरी तयार झाल्या ते मी सांगत बसत नाही, नाहीतर लोक म्हणतील, शेठ फुशारक्या मारतो.

तर यंदा ते खांब गेले, आणि त्यांच्याबरोबर ते घरचं मापही जमिनीतून निघून गेलं. म्हणून मी उद्या उद्या करत होतो. नियमानं घेतलं तर बाबूजी बाजारतळावरून कायमचे पुसले जाणार, आणि त्यांच्या पद्धतीनं घ्यायचं तर तो अंगठा माझ्याकडं नाही. मी रेडिमेडच्या जमान्यातला दुकानदार. माझ्या हातून गज खाली ठेवला गेला त्याला किती वर्षं झाली, मलाच आठवत नाही.

काल गोदा गावी आली. जालन्यात नर्सिंगला आहे, सुट्टीवर आलीय. अजूनही बोलायला तशीच कंजूस. दुकानात डोकावली, खिळ्यावरच्या गजाकडं बघितलं, म्हणाली, "सर, खांब अजून आडवेच?" एवढंच.

मला लाज वाटली. आज दुपारी टेप घेऊन निघालो. बारक्या पोरी पहार आणि कुदळ घेऊन माझ्या आधी हजर. टेप ताणली, नियमातला आकडा धरला, दोन जागी फक्कीचे ठिपके टाकले. काम झटकन झालं. वाटलं, उगाच एवढं मनाला लावून घेतलं.

गोदा दोन ठिपक्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हात पसरले. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत चालली, परत आली. कपाळाला तीच आठी.

"सर, हे तर जालन्याचं माप हाय," ती म्हणाली. "आपलं कुठंय?"

मी दुकानात गेलो. खिळ्यावरचा गज काढला. थंड होता आणि मला वाटलं त्यापेक्षा जड. परत आलो, गुडघ्यांवर बसलो. पोट मधे येत होतं, पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या. पहिल्या ठिपक्यापाशी गज ठेवला. दुसऱ्या टोकाशी अंगठा नेला.

अंगठा टोकाशी थांबला नाही. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो आपला दोन बोटं पुढं जाऊन बसला.

मी गज उचलून पुढं ठेवला. पुन्हा दोन बोटं. पुन्हा. शेवटच्या खुणेपाशी पोचलो तेव्हा मला समोरचं नीट दिसत नव्हतं. गोदानं टेपचा ठिपका पायानं पुसला, माझ्या खुणेवर चिमूटभर फक्की टाकली आणि पोरींना म्हणाली, "हितं घ्या गं खड्डा."